जास्त मतं, तरी हार

स्लाऊ, १६ डिसेंबर २०००

तीर्थरूप बाबांना,
इथल्या गारठ्यातून साष्टांग नमस्कार. मी स्वेटर घालतो, आईला सांगा.

अमेरिकेची निवडणूक पाहिलीत? जास्त मतं मिळवणारा हरला! मतपत्रिकेला भोक नीट पडलंय का, हे महिनाभर भिंगातून बघत बसले. आमचा अमेरिकन मॅनेजर म्हणतो, "दॅट्स द सिस्टिम." डोंबलाची सिस्टिम! तुम्ही शाळा सांभाळून तीस वर्षं इलेक्शन ड्युटी केलीत; त्याला तुमच्या हाताखाली पाठवायला हवं.

तिथे काहींची नावं यादीतूनच उडवली म्हणे. मी हसत होतो, तेवढ्यात ताईचं पत्र आलं. आपल्या यादीत तुमच्या नावापुढे 'मयत' लिहिलंय? खोडून घेतलंत ना?

रविवारी फोन करतो. आईने नाही, तुम्हीच उचला.

तुमचा,
अवधूत