मागच्या काचेवरचा हात

आबा,

तुमचा नातू गाडी धुवायला दुसऱ्याकडे नेतो. काल मलाही बरोबर घेऊन गेला. म्हणाला, "आई, तू खुर्चीवर बस, बघता बघता गाडी नवी होईल." दोन पोरं पाइप घेऊन आली, गाडीवर साबणाचा फेस सोडला, चाकांवर कसलासा फवारा मारला, आणि मग एकाने मागचं दार उघडून काच आतून पुसली. दोन फटकाऱ्यांत. मी खुर्चीतून उठून "अरे थांब" म्हणाले. का म्हणाले ते त्या पोराला कळलं नाही आणि मला मुलाला सांगता येईना. म्हाताऱ्या माणसाचं काही खरं नाही असं समजून त्याने मला चहा पाजला आणि घरी आणलं. म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्यापेक्षा मी आता वयाने मोठी आहे, तेव्हा थोडं स्पष्ट बोलले तर चालवून घ्या.

ती काळी, गोल पाठीची गाडी तुम्ही आणलीत तेव्हा आपल्या वाडीत कुणाकडे सायकलसुद्धा धड नव्हती. मालवणातले ख्रिस्ती डॉक्टर म्हातारपणी गोव्याला मुलीकडे राहायला निघाले आणि जाता जाता गाडी तुम्हाला देऊन गेले. दुकानातली कौलं आणि नारळ सोडून तुम्ही त्या गाडीच्या मागे लागलात. समुद्राकडच्या विहिरीच्या पाण्याने पहिल्यांदा धुतलीत तेव्हा वाळल्यावर तिच्या टपावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले, आणि त्या दिवसापासून टेकाडावरच्या तांडेल आजोबांच्या विहिरीचं गोडं पाणी आणायचा हुकूम निघाला. तेच तांडेल आजोबा, ज्यांनी अर्धं आयुष्य गलबतावर काढलं आणि उरलेलं आपल्या पडवीत. पिण्याला मचूळ पाणी आणि गाडीला गोडं, असं आई सगळ्या वाडीला सांगत फिरायची. पण दसरा आला तेव्हा तिला राहवेना. देवाची भांडी घासून झाली, तशी ती कोकमाची सालं आणि राख घेऊन घरापुढच्या खळ्यात गेली आणि गाडीचा पुढचा चकचकीत दांडा आणि दिव्यांच्या कड्या खसाखसा घासून काढल्या. तुम्ही दुकानातून आलात तर सगळी चकाकी उतरून तिथे पिवळट डाग पडलेले.

"गाडी म्हणजे काय तांब्यो?" तुम्ही एवढंच म्हणालात, पण आवाज चढला होता.

"तांब्यो आसतो तर एवड्यात लखलखीत झालो आसतो," आई म्हणाली. "तुमच्या गाडयेतच खोट आसा."

दोन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला शेजारी बसवून बंदरापर्यंत चक्कर मारून आणलीत, आणि ती परत आली ती हातात बांगड्या घेऊन. तिच्या हाताला बायकांच्या मापाच्या बांगड्या मोठ्या व्हायच्या, कासार तिला मुलींच्या मापाच्या द्यायचा. हे मी उगीच सांगत नाही.

आता तो दिवस. आठवडाभर आईचा ताप उतरत नव्हता, तिला धाप लागायची, आणि डॉक्टर म्हणाले, घाटावरच्या मोठ्या इस्पितळात न्या. भर पावसाळा. मागच्या सीटवर मी खिडकीला टेकून बसले आहे, आईचं डोकं माझ्या मांडीवर. "हातपाय चोळीत रव" म्हणून तुम्ही खोबरेलाची बाटली माझ्या हाती दिली आहे. आंबोलीच्या घाटात धुकं असं की गाडीचं नाकही दिसत नाही. एका वळणावर दरड आली आहे. तुम्ही उतरता, "हलू नको, बगून येतंय" म्हणता आणि धुक्यात शिरता. पुढे रस्त्याची माणसं दगड बाजूला करत असतात, तुम्हीही त्यांच्यात लागता. काचा आतून वाफेने भरल्या आहेत. आईचा श्वास मोठ्याने येतो आहे, आणि मग येत नाही. मी तिच्याकडे बघते. मग माझा तेलाचा हात काचेवर जातो.

मधेच क्षणभर धुकं फाटलं असावं, तुम्ही धावत आलात. चिंब भिजलेले, हात मातीने भरलेले, आणि तोंडावर हसू. दार उघडून म्हणालात, "तिना हात केल्यान ना गो? माका थयसून दिसलो." आणि मग तुम्ही तिच्याकडे पाहिलंत.

तो हात माझा होता. तेव्हा मला बोलता आलं नाही आणि पुढे बोलायची सोय राहिली नाही. मी दहा वर्षांचीही नव्हते, पण एवढं कळत होतं. तो हात आईचा असेल तर तुम्ही दगड उचलत होता तोवर ती होती, तिने तुम्हाला पाहिलं आणि निरोप घेतला. तो माझा असेल तर ती तुमची पाठ फिरल्यावर गेली, एका पोरीच्या मांडीवर. तुम्ही पहिलं धरून चालला होता. त्या दिवसांत तुमच्याकडे धरायला दुसरं काही नव्हतं.

गाडी परसातल्या मांगरात, त्या कौलारू छपराखाली गेली आणि दिवाळी उलटेपर्यंत तिच्यावर गोणपाट होतं. खाऱ्या हवेने तेवढ्यात तिचं काय करायचं ते केलं. एका रविवारी तुम्ही गोणपाट काढलंत आणि मग काही वर्षं रविवार दुसऱ्या कशाचा राहिलाच नाही. चिखलपंख्यांखालचा गंज तुम्ही काचकागदाने घासून काढायचात, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरायचात, गलबतांना लावतात तो शेंदरी रंग आधी आणि काळा नंतर, एक हात सुकला की घासून दुसरा. सीटांमधला कुजलेला काथ्या काढून नवा भरलात. कातड्याला खोबरेल चोळलंत, टर्पेंटाइनमध्ये मेण वितळवून सगळ्या अंगाला लावलंत, आणि ते पुसायला मऊ जुनेर हवं म्हणून आईची लुगडी फाडलीत. त्याचा मला भयंकर राग आला होता. दर रविवारी एक तुकडा काळा होऊन चुलीत जायचा, आणि तुम्ही शांतपणे पुढचा फाडायचात. तांडेल आजोबांनी सांगितलं, "गाडी काय आनि होडी काय, दर्याची हवा दोगांकाय खाता. खालसून तेल लाय." त्यांनी मोरी माशाच्या तेलाचा डबा आणून दिला, होड्यांच्या बुडाला लावतात तेच तेल, आणि तुम्ही गाडीखाली झोपून तिचं पोट त्या तेलाने माखलंत. गंज थांबला खरा, पण वाडीतली सगळी मांजरं मांगरात मुक्कामाला आली. शाळेत पोरी मला विचारायच्या, तुमच्या गाडीत आज कुठलं मासळं? वास माझ्या वेणीत बसायचा, पुस्तकांत बसायचा. अजूनही मासळी बाजारात मोरी कापलेली असली की मी पलीकडच्या बाजूने जाते.

दिव्यांच्या कड्यांवरचे ते पिवळट डाग मात्र तुम्ही तसेच ठेवलेत. आणि ती काच.

पुढच्या पावसाळ्यातली सकाळ होती. तुम्ही आत बसून सीट शिवत होता, दारं लावलेली, तुमच्या श्वासाने काचा धुरकटल्या. मी चहा घेऊन आले तर तुम्ही मागच्या सीटवर पुतळा होऊन बसलेले. "बाय, हय ये," म्हणालात. "बग. तुज्या आयेचो हात. अजून आसा." काचेवर वाफ धरली होती, फक्त एका हाताच्या आकाराची जागा स्वच्छ होती. पाचही बोटं, तळव्याची रेघसुद्धा. खोबरेलाचा हात होता, तो जाणार कसा. मी बघत राहिले. माझा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला, परकराच्या नाडीत बोटं अडकली. थोड्या वेळाने वाफ विरली आणि तो हातही दिसेनासा झाला.

त्यानंतर तुम्ही पोटभर जेवू लागलात. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलू लागलात. ती काच तुम्ही बाहेरून पुसायचात, आतून कधी नाही. आणि मी तुमच्यापुढे हात उघडेनाशी झाले. दसऱ्याला सोनं द्यायचं तर मुठीतून टाकायचं, प्रसाद घ्यायचा तर वाटीत. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरीला वळण नाही, आई नसल्यावर असंच व्हायचं. मी ऐकून घ्यायची. हवा दमट असली की मांगराकडे बघायचं धाडस होत नसे. आत कुणी नसतानाही तो हात काचेवर असणार, मी वाढत जाणार आणि तो तेवढाच राहणार, याची मला फार भीती वाटायची. माझाच हात, पण तो मला भिववायचा.

तांडेल आजोबांनी एकदा तो पाहिला. तुम्ही दुकानात होता. श्रावणातली दमट सकाळ होती आणि ते तेलाचा डबा ठेवायला आले होते. खूप वेळ काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुजो हात दाखव बगया," म्हणाले. मी हात मागे नेला. त्यांनी पुन्हा मागितला नाही. डबा कोपऱ्यात ठेवला, मुंडाशाने तोंड पुसलं आणि दारात उभं राहून म्हणाले, "ज्येचो मनीस दर्यात जाता ना, तो वल्ह्याक धरून रडता. वल्हां कोणी मारलेलां तां कोण इचारता? रवांदे." मग घराकडे निघून गेले. म्हणून मी राहू दिलं. त्यांच्यावर माझा विश्वास होता.

माझं लग्न खारेपाटणला ठरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, चेडू, माझी लेक, माझ्या गाडीतून जाईल आणि गाडी मी चालवीन. इतकी वर्षं तुम्ही इंजिन सुरू करून बघायचात, पण गाडी खळ्याच्या बाहेर नव्हती गेली. लग्नाच्या आधीचे चार रविवार तुम्ही तिला असं काही घासलंत की काळ्या रंगात आकाश दिसायचं. दारांना सुरंगीच्या फुलांचे वळेसर बांधले, आणि त्यांच्या वासाखालून मोरीचं तेल डोकावत होतंच. नवरदेवाने नाकाला रुमाल लावला आणि मग माझ्याकडे बघून गुपचूप खिशात ठेवला. तो माणूस चांगला निघणार हे मला तेव्हाच कळलं. मी हट्टाने त्याच खिडकीशी बसले. गाडी वाडीबाहेर पडली तशी मी पदराआड तोंड नेऊन काचेवर हळूच वाफ सोडली. सगळी काच सारखी पांढरी झाली. मधे काहीच नव्हतं. पुन्हा वाफ सोडली, पुन्हा तेच. मला हुंदका आला, आणि पाठराखीण म्हणून आलेल्या मावशी म्हणाल्या, रडू दे, माहेर सुटतंय.

कणकवलीच्या पुढे चढावर गाडी तापली. जावई ओढ्यावर पाणी आणायला गेला, मावशी पाय मोकळे करायला उतरल्या. तुम्ही इंजिनाच्या उघड्या टोपाशी उभे होता. मी तुमच्याजवळ येऊन विचारलं, "आबा, ती काच?"

"पुसलंय."

"कित्याक?"

तुम्ही इंजिनाकडेच बघत होता. "सासरी जातल्या चेडवाचो हात असो मागे अडकान रवता नये," म्हणालात. मग जावई पाणी घेऊन आला आणि तुम्ही त्याच्या हातातली बादली घेतलीत.

चेडवाचो, म्हणालात. आयेचो नाही. मी गाडीत जाऊन बसले आणि खारेपाटण येईपर्यंत तुमच्या मानेकडे बघत होते. कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला? पहिल्याच दिवशी, मी हात मागे नेला तेव्हा? आपलं मूल हात लपवतंय हे कुठल्या बापाला दिसणार नाही? म्हणजे ती तुम्ही नसताना गेली, हे ओझं तुम्ही एकटेच वाहत होता, आणि शेजारच्या खोलीत मी तेच वाहत होते, आणि दोघंही एकमेकांना जपतोय असं समजून मुकाट्याने जेवत होतो. मला याचा अजून राग येतो. एकदा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मीही नाही बोलले म्हणा. बाप तशी लेक. पुढे माहेरी आले की विचारीन विचारीन म्हणत राहिले, आणि एका पावसाळ्यात तुम्ही गेलात. त्यानंतर गाडीला कुणी तेल लावलं नाही, आणि दोनतीन वर्षांत तिचा पत्रा बोटाने तुटायला लागला.

पण आबा, त्या दिवशीचा चढावरचा तुमचा आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो, आणि वाटतं तुम्ही एक गोष्ट चुकीची धरलीत. लेक काचेवर हात ठेवून मला बोलवत होती आणि तो हात दिसेपर्यंत मी दगड उचलत राहिलो, असं तुम्ही मनाला लावून घेतलं असणार. तसं नव्हतं. मी तुम्हाला बोलवत नव्हते. तुम्ही मला दिसतही नव्हता. तिचं डोकं एकाएकी जड झालं होतं, डोळे अर्धे उघडे होते, आणि मला आईची भीती वाटली. मांडीवरून तिला खाली ठेवायचं धाडस होईना, म्हणून मी जमेल तेवढी तिच्यापासून लांब सरकत होते आणि दार समजून काच ढकलत होते. तुमचा आणि तिचा फोटो देवघरात शेजारी शेजारी आहे. हा कागद तुमच्यापुढे ठेवावा असं सकाळपासून मनात होतं, पण ठेवणार नाही. आईने वाचायला नको.