औषधाने उपास मोडत नाही

आई, काल मी गुडघ्यांसाठी गोळ्या आणायला गेले आणि डॉक्टरीणबाईंशी भांडून आले. निवृत्त झाले तरी जीभ झालेली नाही. आयुष्यभर मी सगळ्यांना सांगत आले, आईला तिच्या उपासांनी मारलं. बाई म्हणाल्या, नुसत्या उपासांनी नाही. सुजलेल्या सांध्यात शरीर एक द्रव्य तयार करतं, त्याने ठणका लागतो; गोळी ते तयार होऊ देत नाही. पण तशाच द्रव्यावर पोटाचं अस्तरही टिकतं. गोळी रक्तातून तिथेही पोचते आणि पोट उघडं पडतं, अगदी जेवून घेतली तरी. पोटात जळजळलं, शौचाला काळं झालं, की गोळी थांबवून धावत यायचं.

भिंगारच्या आपल्या दोन खोल्यांत सोमवार, गुरुवार, एकादशी; संध्याकाळपर्यंत तुझ्या पोटात नुसतं पाणी. आणि ॲस्पिरिन. मी कॉन्व्हेंटमधून नुकती बाहेर पडलेली, पुडीवरचं इंग्रजी वाचून दाखवते, "जेवणानंतर घ्यायची आहे." तू पोथीतून मान वर करत नाहीस. "औषधाने उपास मोडत नाही." "मग मोड की एकदा!" "हे तुझ्या त्या सिस्टरांना शिकव." बाबा पेपरामागून हसतात, "मेमसाहेबांचा हुकूम आला!" पारायणाला बसून गुडघे धरले की तू एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायचीस. शेजारणी म्हणायच्या, किती सोसते बाई! तुला सोसण्याची शाबासकी देणाऱ्या त्याच बायका तेराव्याला लाडू मागून घेत होत्या. मी वाढत होते. अजून तो राग गेलेला नाही.

पण डॉक्टरीणबाईंना मी एक सांगितलं नाही. तुझ्या शेवटच्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तू संडासातून आलीस, दार लोटलंस आणि हळूच म्हणालीस, "डांबरासारखं होतंय गं. यांना सांगू नकोस." गोळीवरूनच आपला अबोला चालला होता. तो तू मोडलास. मी वेणी घालत होते. म्हटलं, "देवाला सांग."

तिसऱ्या दिवशी तुला रक्ताची उलटी झाली, आणि टांगा येईपर्यंत तू उरली नाहीस. तेव्हा मला काळ्या शौचाचा अर्थ माहीत नव्हता, हे खरं आहे. पण ते सांगण्यासारखं आहे, एवढं कळत होतं. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. बाबांनी पुढे एकदा विचारलं होतं, "तुला काही बोलली होती का गं?" मी म्हटलं, "नाही."