दहा लाख डॉलरची नोट

बाबा, शनिवारी तुम्ही बँकेतून अर्ध्या दिवसाने घरी यायचात आणि मी शाळेच्या ट्यूनिकमध्येच तुमच्याजवळ येऊन बसायचे. तुम्ही संग्रहातली एखादी नोट माझ्या हातात द्यायचात. "कडेला धर. आता उजेडासमोर. कागदातले सिंह दिसले?" एकदा मी लाडू खाऊन तशीच आले, तर तुम्ही नोट झटकन काढून घेतलीत. "डाग पडला की नोट संपली, बाळ. मग ती फक्त बाजारात चालते, संग्रहात नाही." आई आतून म्हणाली, "बाजारात चालते ना? मग द्या इकडे, साखर आणायचीय."

माझी मुलं लहान असताना तुम्ही दिवाळीला इकडे एडिसनला आलात. न्यूयॉर्क बघायला गेलो, आणि मी मुलांना पाणी पाजतेय तोवर तुम्ही फुटपाथवरच्या दुकानातून दोन डॉलरला दहा लाख डॉलरची नोट घेऊन आलात. तिच्यावर स्वातंत्र्यदेवीचं चित्र. मी भर रस्त्यात ओरडले, "अहो बाबा, ही खोटी आहे! जन्म कॅशमध्ये गेला तुमचा, आणि इथे येऊन फसलात?" मुलं माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "खोटी नोट सोंग करते. हिच्या पाठीवर तर छापलंय, मी चालत नाही म्हणून. प्रामाणिक आहे बिचारी." मग मुलांना जवळ घेऊन, "पन्नास वर्षं थांबा. किंमत येईल हिला." परतीच्या गाडीत मुलं त्या पैशांचं काय काय घ्यायचं ते ठरवत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. सॉरी म्हणायचं राहिलं. लक्ष्मीपूजनाला तुम्ही ती नोट माझ्या बांगड्यांशेजारी पाटावर ठेवलीत आणि ओल्या बोटाने तिला हळदकुंकू वाहिलंत. मला वाटलं, म्हातारपणी बाबांना खरंच पटलंय की काय. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात.

आता मी लहान अपार्टमेंटमध्ये जातेय. आवराआवर करताना ती नोट निघाली, आणि गेल्या रविवारी लेकाला घेऊन मी इथल्या नाण्या-नोटांच्या प्रदर्शनात गेले. तुमचं म्हणणं खरं निघावं आणि माझं ते ओरडणं चुकीचं ठरावं, एवढंच मला हवं होतं. टेबलामागच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला मी तुमच्या संग्रहाबद्दल सांगितलं. त्याने भिंग लावलं आणि नकारार्थी मान हलवली. म्हणाला, अशा नोटा ढिगाने छापतात, आजही. फार जुन्या जाहिरातीच्या, किंवा एखाद्या कलाकाराने मोजक्याच काढलेल्या असतील तर कोणी हौशी घेतो. ही कोणी घेणार नाही. "आणि हा लाल डाग कसला?"

लेक हसायला लागला. "आई, आजोबांनी लिटरली मिलियन डॉलरची पूजा केली!"

"तुमचे वडील संग्राहक होते ना?" विक्रेत्याने विचारलं. "मग त्यांनी डाग कसा पडू दिला?"

मी तिथे उभी राहिले, बाबा, आणि मला उमगलं. लाडवाच्या हाताने नोटेला शिवू न देणारा माणूस जपायच्या नोटेला ओलं कुंकू लावेल का? तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पन्नास वर्षांची गोष्ट तुम्ही सांगितलीत, कारण मुलं आईच्या आवाजाने बावरली होती. तुम्ही फसला नव्हतात, मीच उगाच ओरडले होते. तिथली पाणचट कॉफीसुद्धा त्या दिवशी मला गोड लागली.

तर आता वाटणी. खऱ्या नोटांचा अल्बम लेकाला. तो न सांगता हात धुऊन बसतो. तुमचं भिंग ॲन आर्बरला, लेकीला. तिच्या लॅबमध्ये शंभर भिंगं असतील, तरी तिला हेच हवंय. दहा लाखांची नोट मात्र दोघांनाही हवी आहे, म्हणून ती एक दिवाळी याच्याकडे, एक तिच्याकडे, आणि दरवर्षी नवं कुंकू लावायचं. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? अल्बमच्या शेवटच्या पानामागे ठेवते.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला, "आई, सो? व्हॉट डिड ही से?" खोटं बोलणं पाप, असं शिकवणाऱ्या सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत अकरा वर्षं काढलेली मी, आवाज जराही न कापता म्हणाले, "थांबा म्हणाला. अजून थोडी वर्षं." लेक समोरच बसला होता. तो उठला आणि ती नोट जपून ठेवायला हात धुऊन आला.