तळघरातली पिवळी माती

२८ जुलै २००५
परवाच्या पुराचं रस्त्यावरचं पाणी ओसरलं. आपल्या बिल्डिंगच्या तळघरातलं तसंच, छताला टेकलेलं. तिथलं सलीमभाईंचं सुताचं गोडाऊन सगळं बुडालं. ह्यांनी अंजूरहून मामांचा शेतावरचा डिझेल पंप आणला. धूर नको म्हणून इंजिन गेटबाहेर, पाइप आत. दिवसभर धडधड.

२९ जुलै
काल संध्याकाळी पाणी कमरेवर आलं होतं. सलीमभाई स्वतः उतरले, दोन-चार गोणी ओढून काढल्या. सकाळी बघते तर परत गळ्याइतकं. पाऊस नाही, मग येतं कुठून?
हे म्हणाले, "खाडीला भरती व्हती. उतरंल."
भरती तर रोजचीच.

३० जुलै
पाइपातून पिवळट पाणी पडतंय. बादली भरून ठेवली. स्वयंपाक आटोपून पाहिली तर तळाशी रेती नि चिकणमाती. तळघराला तर फरशी आहे.
ह्यांना दाखवली. "पुराचा गाळ हाय."
पुराचा गाळ काळा होता. ही पाया खणताना निघाली होती तसली. तसं म्हटलं. हे पंपात डिझेल ओतायला गेले.

३१ जुलै
न्हाणीचं दार लागत नाही. वरच्या मजल्यावरची रझिया, नवरा पॉवरलूमवर कामाला असतो तिचा, म्हणाली, "भाभी, हमारी खिड़की भी अटक रही है."
मी बादली घेऊन सलीमभाईंकडे गेले. ते बराच वेळ माती बोटांत चोळत राहिले. मग जाऊन स्वतःच पंप बंद केला. ह्यांना म्हणाले, "पाण्याबरोबर पायाखालची माती निघतेय, वसंतशेठ. माल गेला तर गेला. वरती पोरंबाळं झोपतात."
ह्यांच्या वडिलांच्या शेवटच्या शेतावर उभी केलेली बिल्डिंग. मला का कळत नाही? पण...
दुपारी परत धडधड.

१ ऑगस्ट
घरोघर जाऊन सांगितलं, निघा. ह्यांना न विचारता. असं कधी केलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळी बिऱ्हाडं शाळेत. सासूबाईंना रिक्षात घालून कोन गावाला, माझ्या भावाकडे. निघताना पाहिलं, जिन्याखालच्या भिंतीला चीर. हात आत जाईल एवढी.
हे म्हणाले, "तू लोकान्ला घाबरवलंस. आता कोन ऱ्हाईल हितं?"

२ ऑगस्ट
मी सकाळीच कोनहून परत आले. सलीमभाईंनी इंजिनिअर बोलावलाय, उद्या येईल. डिझेल संपून पंप बंद पडलेला. तळघर पुन्हा काठोकाठ.
हे आमच्या घरात, एकटेच. बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेत. खालून म्हटलं, "चहा घ्यायला तरी या."
"येतो."
समोर सलीमभाईंच्या दुकानाच्या ओट्यावर बसून लिहितेय. पाऊस पुन्हा लागलाय. आत्ताच बिल्डिंगमध्ये काहीतरी पडलं. भांडं असेल. सलीमभाई उठून उभे राहिले.
हाक मारली. परत "येतो" म्हणाले. खुर्चीतून हलले नाहीत. वही सलीमभाईंकडे देते नि वर जाते