हातगुण

४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं हातांचं मलम पोचलं. कारखान्यात लोखंड धुण्याच्या टाक्यांतल्या पाण्याने माझ्या हातांना पडलेल्या भेगा बघून मागच्या खेपेला तू डोळ्यांत पाणी आणलंस, म्हणून रोज सकाळी निमूटपणे लावतो. वास जरा बायकी आहे. माझ्याबरोबर रंग फवारणारे म्हातारे चष्मेकाका तर दोनदा शिंकले.

कारखान्यात मात्र डोक्याला ताप झालाय. दवाखान्यातल्या पलंगांच्या चौकटींवर आम्ही पावडरचा रंग फवारतो आणि भट्टीत भाजून पक्का करतो, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या बुधवारपासून त्या रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतायत, तळाशी उघडं लोखंड. नुसत्या शोभेचा रंग असता तर एकवेळ चाललं असतं. हे पलंग रोज औषधी पाण्याने पुसायचे, खड्ड्यात पाणी शिरलं की गंज धरलाच. हवेचे फिल्टर बदलले, टाक्या उपसल्या. फवाऱ्याआधी प्रत्येक चौकटीवरून मी स्वतः उघडा तळहात फिरवतो, कारण मोजे घातले की खरखर कळत नाही. ही काकांचीच शिकवण. माझा हातगुण चांगला आहे, असं ते सगळ्यांना सांगत असतात. तरी खड्डे आहेतच. जेवणावरची वासना उडाली आहे.

लोभाचा थर पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
भुंगा


११ नोव्हेंबर

चि. भुंगा यास अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू एका जागी बसत नव्हतास म्हणून हे नाव पडलं, आता तर तुझ्या डोक्यातच भुंगा शिरलेला दिसतो. दोन घास जेवत जा. खड्डे उपाशीपोटी बुजत नसतात.

आणि घाईघाईत कुणावर खापर फोडू नकोस. बरणी तू फोडलीस आणि मार मी खाल्ला, हे तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. मलम दिवसातून दोनदा लाव.

इकडे माया जशीच्या तशी आहे, तिकडून खुशाली येऊ दे.

तुझी ताई


२४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आधीच मी खापर फोडून बसलो होतो. तेलाचा अंश असला की रंग तिथून मागे सरतो आणि खड्डा पडतो. कारखान्यात डोक्याला चप्प तेल थापणारा माणूस एकच, चष्मेकाका. मालकांनी कारण लेखी मागितलं, मी लिहून दिलं. सोमवारी काकांना घरी बसवलं. ज्यांनी मला फवारा धरायला शिकवला, त्यांना.

त्याच दिवशी मला ताप भरला, तीन दिवस अंथरुणात होतो. त्या तीन दिवसांत एकही खड्डा पडला नाही. परतलो तर मालकांनी पाठ थोपटली. गुरुवारी काका फाटकाशी आले होते. डोक्याचा चक्क चमनगोटा केलेला. आता तेल लावायला केसच नाहीत, तेव्हा आत घ्या, असं पहारेकऱ्याला सांगत होते. मी खिडकीतून पाहिलं आणि मागे सरलो.

शुक्रवारी खड्डे पुन्हा आले. म्हणजे काका निर्दोष आहेत, ताई. हे मला कळतंय आणि मालकांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. दिवसभर नुसता येरझाऱ्या घालतो.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

भुंगा


३० नोव्हेंबर

चि. भुंगा यास आशीर्वाद.

रागावले आहेच. उद्याच्या उद्या मालकांपुढे जा. त्या माणसाने म्हातारपणी डोकं भादरून घेतलं आणि तुझी जीभ रेटत नाही? मला लाज वाटली.

दुसरं लिहायचं मन नाही, पण एक सांगते. लेकीने हौसेने माझी नखं रंगवली. मी नुकतंच ते मलम चोळलं होतं. रंग काही नीट बसेना, नखावर बारीक बारीक गोल भोकं पडली. तुझे खड्डे माझ्या बोटांवर आले म्हणून आम्ही दोघी हसलो. हसून झाल्यावर तुझी आठवण आली.

काकांकडे जाऊन आलास की मगच लिही.

ताई


८ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. नखांपाशी आलो आणि तसाच कारखान्यात पळालो.

एक कोरा पत्रा घेतला. अर्ध्यावर धुतलेला हात टेकवला, अर्ध्यावर मलम लावलेला. फवारला, भाजला. एक बाजू आरशासारखी निघाली. दुसरीवर खड्ड्याखड्ड्यांनी माझा पंजा उमटला होता, पाचही बोटं. ताप आला तेव्हा कारखान्यातून काका गेले होते तसा मीही गेलो होतो, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पत्रा मालकांच्या टेबलावर ठेवला. हात कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मी हात पुढे केला. लिहून दिलेलं खोडून नवीन लिहून दिलं. काका सोमवारपासून कामावर आहेत आणि मी धुण्याच्या टाक्यांवर, जिथून सुरुवात केली होती तिथे.

तो पत्रा घेऊन काकांच्या घरी गेलो. त्यांच्या डोक्यावर नुकते पांढरे खुंट फुटलेले. तुझ्या मलमाचं, माझ्या लेखी कागदाचं, खिडकीचं, सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्रा उजेडात तिरका धरला, बराच वेळ पाहिला. मग तो बाजूला ठेवून माझे दोन्ही हात ओढून घेतले, उलटसुलट केले आणि विचारलं, भेगा तरी भरल्या का.

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तुला कळवतो, भरल्या आहेत.

लोभ आहेच, तो माझ्या लायकीहून जास्त आहे.

तुझा,
भुंगा