घरातली सगळी कुलुपं

माय, तुला खापरपणती झाली. परवा दुपारी, इथंच नंदनवन वस्तीतल्या दवाखान्यात. ऑपरेशन नाही, भुलीचं इंजेक्शन नाही, आणि दोघी चांगल्या आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी गोष्ट सांगायला लागलो की पहिल्यांदा भीतीच सांगतो, आणि तू चिडून म्हणायचीस, "शेवट काय झाला ते सांग गा आधी."

नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती भुलीचं इंजेक्शन घ्यायचं नाही, हे ठरवूनच आली. पाठीत इंजेक्शन दिलं की कळाच कळत नाहीत, हे मी बागेतल्या बाकावर एका ओळखीच्या माणसाकडून ऐकलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की तसाच घरी येऊन तिला म्हणालो, ते घेऊनच टाक. ती भाजी निवडत होती. "काहून घेऊ आबा? मले चालता आलं पाहिजे. जोर कधी लावाचा, ते मले कळलं पाहिजे." त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. पुढच्या तपासणीला तिच्यासोबत गेलो आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं. इंजेक्शन वाईट नाही, पुष्कळ जणी घेतात, कोणाला त्याची गरजही पडते. पण सगळं नीट असेल आणि बाईची तयारी असेल, तर भुलीशिवाय तिला हिंडता-फिरता येतं, हवं तसं बसता-वळता येतं, जोर आपला आपल्याला कळतो, आणि नंतर लवकर उठून चालता येतं. लागलंच तर सगळं तयार आहे, असंही म्हणाल्या. मी तेच पुन्हा विचारलं, आणि निघताना दारातून परत फिरून आणखी एकदा. तेव्हा त्या हसून नातीला म्हणाल्या, "तुला नको असेल तर राहू दे, आजोबांनाच देऊन टाकू."

मला आपण खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचो तेव्हाचा एक दिवस आठवत होता. नातीचा बाप जन्मला तो. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तुझ्या सुनेच्या कळा वाढल्या, म्हणून कॉलनीतली नर्सबाईच घरी आली आहे. मी दारात उभा आहे. तू तिला खोलीत फिरवते आहेस, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "चाल वं पोरी. तू बसली तं लेकरूही बसून राहीन." कळ आली की ती चौकट धरते, तू तिची कंबर दाबतेस, कळ गेली की पुन्हा चालणं. मग तुझं लक्ष माझ्याकडे जातं. "तू काहून खांबासारखा उभा राहिला? जा, घरातले सगळे कुलुपं उघड, गाठी सोड." बाई अडू नये म्हणून घरात काही बांधलेलं, बंद ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी पेटी उघडली, डबे उघडले, पोत्याची सुतळी सोडली, आणि त्याच भरात बाहेर जाऊन शेजारणीची बकरीही सोडून आलो. बकरीनं तिची अंगणात वाळत घातलेली मेथी खाल्ली. शेजारीण भांडायला दारात आली, तेव्हा तू आतूनच ओरडलीस, "तुले घरचे कुलुपं सांगितले होते गा, मोहल्ल्याचे नाही." तुझी सून चौकट धरून हसत सुटली. हसता हसताच मोठी कळ आली, आणि थोड्या वेळात पोरगा रडला. ती आता तुझ्याकडेच आहे, विचार तिला.

परवा मी दवाखान्यात गेलो, पण नातीनं टिकू दिलं नाही. नातजावई तिची पाठ चोळत होता, ती बाकाला धरून डोलत होती. "आबा, तुम्ही घरी जा. तुमचं तोंड पाहून माह्या कळा थांबून राहिल्या." डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली. घरी आलो. काय करावं सुचेना, म्हणून कपाट उघडलं, पेटी उघडली, पिठाचे डबे, लोणच्याच्या बरणीचं फडकं, चपलांच्या जागी पडलेल्या बुटांच्या नाड्याही सोडल्या. मग ध्यानात आलं की खिशातल्या मोबाइललाही कुलूप आहे. ते पोरानं लावून दिलेलं, मला फक्त उघडता येतं, काढता येत नाही. जीव इतका खाली-वर झाला, की दार तसंच उघडं टाकून कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, चोरीचा तं नाही ना?" मी म्हणालो, माझी नात अडली आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कुलूप काढून दिलं. फोन त्याच्याच हातात वाजला. सूनबाई होती, नातीची आई. "बाबा, मुलगी झाली. पोरगी तुमची बसून चहा पिऊन राहिली."

मी त्याच्या स्टुलावर बसलो. त्यानं पैसे घेतले नाहीत.

दवाखान्यात गेलो तर ती खरंच बसली होती. घामानं केस चिकटलेले, चेहरा थकलेला, पण डोळे लख्ख. पोर जन्मल्याबरोबर तिच्या छातीवर ठेवलेलं, तिथंच दूध शोधत होतं, टकाटका पाहत होतं. मी विचारलं, फार दुखलं का? "दुखलं ना आबा, लय दुखलं. एकदा तं वाटलं, द्या ते इंजेक्शन. पण मधी मधी थांबते ना ते, तेवढ्यात श्वास घेता येते. अन् ती आली तेव्हा मले समजलं, आता आली म्हणून." संध्याकाळी ती स्वतः उठून न्हाणीपर्यंत चालत गेली. तिची चाल पाहिली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

घरी सूनबाई आधी पोचली होती. उघडं घर पाहून तिला वाटलं चोर येऊन गेले. पिठाला मुंग्या लागल्या होत्या. तिनं मला बोलून घेतलं आणि एकेक कुलूप परत लावलं. मीही म्हणालो, लाव बाई, मी कुठं असल्या गोष्टी मानतो.

त्या दोघी उद्या घरी येणार आहेत. हे पत्र पाकिटात घातलं आहे. त्यावर लिहायला पत्ता नाही, ते पेटीत तुझ्या लुगड्याखालीच राहील. पण खरं सांगू का माय, त्या दोघी उंबरठ्याच्या आत येईपर्यंत मी पाकीट चिकटवणार नाही.