डिकी मोठी म्हणून सेडान

चारकोप, ६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
लवूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं जानकीला ऐकू जातं, म्हणून पत्र. आम्ही गाडी घेतोय! मला सेडान हवी. लांब, ऐटबाज, उतरलो की वॉचमन खुर्ची सोडून उभा राहिला पाहिजे. तुझी भावजय उंच एसयूव्हीवर अडून बसलीय. म्हणते, सेडानचं पोट गेटच्या स्पीडब्रेकरलाच घासेल. मी म्हटलं, पोट माझंही सुटलंय, मी चालतोच ना?

खरं कारण तुलाच सांगतो. सेडानची डिकी मोठी. तुझी ट्रंक, शिलाई मशीन, सगळं एका फेरीत येईल. भावोजी गेल्यापासून तू तिथे एकटी. आता इथेच राहायचं. मानसीची खोली तिच्या लग्नापासून रिकामीच आहे.

लोभ ठेव, रागावून ठेवलास तरी चालेल.

तुझा,
लवू

देवगड, १५ जानेवारी

चि. लवूस,
अ. उ. आ.

मेल्या, गाडी घेतोयस की माझं घर उचलतोयस? माका काय गाठोडां समाजलंस? एकदा विचारलंस तरी? तुमच्या सातव्या मजल्यावर मी काय कबुतरं हाकत बसू? इथे बायका माझ्याकडे पोलकी शिवून घ्यायला येतात, झालंच तर भांडायलाही येतात.

आणि वाडीचा चढ विसरलास? तुझी सेडान मधेच बसली तर मी ढकलायला येणार नाही. जानकीचं ऐक. तुमच्या घरातली अक्कल तिच्याकडेच आहे.

माया आहे, पण सध्या आवरून धरलीय.

तुझी,
सुगंधाताई

चारकोप, २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र जानकीच्या हाती लागलं आणि माझी वाट लागली. माणसाला न विचारता त्याचं बिऱ्हाड हलवणारा मी कोण, असं तिने विचारलं. मग तिलाच घेऊन मालाडच्या शोरूमला गेलो. सेडानमध्ये झकास बसलो. उतरता येईना! कंबर धरली. एका हाताला सेल्समन नितेश, दुसऱ्या हाताला जानकी. ओढून काढलं मला, तेव्हा पँटची शिवण गेली. जानकी हसता हसता बॉनेटवर टेकली. एसयूव्ही बुक केली. पांढरी.

चुकलंच माझं. आता विचारतो, पंधरा दिवस येशील? परत मीच आणून सोडेन.

तुझ्या शिव्यांवर वाढलेला,
लवू

देवगड, १२ फेब्रुवारी

चि. लवू आणि सौ. जानकीस,
अ. उ. आ.

अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय. सोमवारी विहिरीपाशी पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. शेजारच्या रुक्मिणीने प्लास्टर घालून आणलं. तुम्हाला कळवू नको असं मीच तिला बजावलं. लवू टेम्पो घेऊनच आला असता.

पण काल वेणी घालायला गेले, जमेना, आणि वेड्यासारखं रडू आलं. जानकी, मला न्यायला तू ये. ह्यालाही आण, गाडी चालवायला कुणीतरी हवंच. हाड जुळलं की मी माझ्या घरी परत येणार, हे त्याच्याकडून आधी वदवून घे.

लवकर या गं. केस फार गुंतलेत.

तुमची,
सुगंधाताई